रस्ता आपणही तपासू या

आज आपण महामार्गाबद्दल बोलू.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. सोलापूर-धुळे महामार्ग पाचोड, आडूळकडून येऊन कन्नडकडे जातो. तिसरा रस्ता फुलंब्री, सिल्लोडवरून अजिंठ्याकडे. रस्ता कसा आहे, असं विचारलं की गाडीवाला म्हणतो, "मस्त! पोटातलं पाणी हलत नाही." पण आपण बाया गाडीत कमी आणि रस्त्याच्या कडेला जास्त. डोक्यावर भारा, कडेवर लेकरू आणि शेत रस्त्यापलीकडे. आपल्यासाठी रस्ता कसा आहे, हे आपणच सांगायला हवं.

गुळगुळीत रस्त्यावरही जीव जातात. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर दर्शनाहून परतणाऱ्यांची गाडी ट्रकवर आदळली. १२ जण गेले. म्हणून नुसते खड्डे मोजून भागत नाही.

मग काय बघायचं? आम्ही गटात बसून यादी केली, ती ऐका.

पहिलं, रस्ता ओलांडायची जागा. गावापासून ती किती पावलांवर आहे ते मोजा. भुयारी मार्ग असेल तर पावसाळ्यात त्यात पाणी साचतं का, संध्याकाळी दिवा असतो का, ते लिहा. जवळ वाट नसली की बाया डिव्हायडर चढतात, आणि लोक त्यांनाच नावं ठेवतात.

दुसरं, साइडपट्टी. शाळेची पोरं चालतील एवढी जागा आहे का? डांबराची कड खचली आहे का?

तिसरं, एसटीचा थांबा. सावली आहे का? बस थांबते तिथं उतरायला जागा आहे, की थेट गाड्यांच्या तोंडी उतरावं लागतं?

चौथं, मोरी. ती बुजली की पाणी रस्त्यावर येतं, नाहीतर कडेच्या शेतात घुसतं.

ही पाहणी एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर करा. एकटीनं जाऊ नका, चौघी-पाचजणी मिळून जा.

आता तक्रार कुठं करायची? किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा नंबर रात्रंदिवस चालतो. अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. कुठंही फोन केला तरी दगडावरचा आकडा सांगा. "आमच्या गावाजवळ" एवढ्यानं कुणाला जागा सापडत नाही.

फोनवर थांबू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तिथं यादी वाचा, ठराव लिहून घ्या, आणि अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसली की अर्ज आलाच नाही म्हणतात.

या आठवड्यात आपल्या गावाजवळचा एकच किलोमीटर तपासा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते सगळ्यांना वाचून दाखवू.