दोन वर्षांची पदविका आणि आपली मुले

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



अध्यक्ष महोदयांनी आम्हांला बँकेच्या परीक्षेविषयी बोलायला सांगितले होते. तयारीही तशीच केली होती. पण मध्यंतरी वस्तीतील तीन पालक आमच्या घरी येऊन गेले आणि तिघांचा प्रश्न एकच निघाला. मुलगा किंवा मुलगी कला शाखेत आहे, एकीची मुलगी मास मीडियाला आहे, घरची ओढाताण आहे. आता नव्या पद्धतीत दोन वर्षांत डिग्री मिळते म्हणतात, तर दोन वर्षे करून पोर कामाला लागले तर चालेल का? एका काकांनी तर पुढे असेही विचारले की, बाबासाहेबांनी एवढी वर्तमानपत्रे काढली, त्यांनी कुठे मास मीडिया केला होता? या प्रश्नांची उत्तरे एकेकट्याला देण्यापेक्षा सर्वांसमोर द्यावीत, म्हणून विषय बदलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून घेतली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. आपल्याकडे दोन वर्षांत डिग्री मिळत नाही. दोन वर्षांनी मिळते ती पदविका, म्हणजे डिप्लोमा. आणि तीही आपोआप मिळत नाही.

ही व्यवस्था आली ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी त्याचा निर्णय काढला. विद्यापीठांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती लागू झाली. तीत वर्षाऐवजी श्रेयांक मोजतात. वर्गातल्या पंधरा तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. आपल्या राज्यात साधारणपणे एका सत्राला २२ श्रेयांक धरतात. चार सत्रे म्हणजे ८८. नुसती शिकवणी धरली तरी तेराशे वीस तास होतात. दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे असेल तर या ८८ वर आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. तेव्हा कुठे पदविका हातात पडते. तिसरे वर्ष पूर्ण करून १३२ श्रेयांक झाले म्हणजे पदवी, चौथे केले तर ऑनर्स.

हे ८८ श्रेयांक सगळे इतिहासाचे किंवा मराठीचे नसतात. मुख्य विषय, त्याच्या जोडीला गौण विषय, दुसऱ्या विद्याशाखेतला एक खुला विषय, भाषा, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, खेळ किंवा समाजसेवा, असे सगळे त्यात येते. पोरांना वाटते की मुख्य विषयात पास झालो म्हणजे झाले. बाकीचे दोन-दोन श्रेयांकांचे पेपर ती अंगावर घेत नाहीत. आणि मुख्य विषयाचा खरा भार तर तिसऱ्या वर्षी येतो. प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकण्याचा भागही तिसऱ्या वर्षातच आहे. दोन वर्षांनी जो उठतो तो जेवणाच्या निम्म्यावर उठतो असे आमचे मत आहे. पण मत बाजूला ठेवू, हिशेबाकडे येऊ. हिशेब हे आमचे काम.

या श्रेयांकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली एक बँक काढली आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स हे तिचे नाव. आम्ही प्रथम नाव ऐकले तेव्हा हसलो होतो, पण कल्पना चांगली आहे. डिजीलॉकरवरून विद्यार्थ्याचे खाते निघते, बारा आकडी क्रमांक मिळतो आणि पास झालेल्या प्रत्येक विषयाचे श्रेयांक महाविद्यालय त्या खात्यात जमा करते. महाविद्यालय बदलले, शहर बदलले तरी खाते तेच.

आता खाते म्हटले की त्याचे नियम आले. चेक भरला म्हणजे पैसे जमा झाले असे होत नाही, तो वटावा लागतो. तसेच एटीकेटीत राहिलेला पेपर हा न वटलेला चेक आहे. त्याचा श्रेयांक खात्यात नसतो. दुसरे असे की, तुमच्या बचत खात्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते, दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण तरीही ते पैसे तुमचेच असतात, कागदपत्रे आणली की परत मिळतात. श्रेयांकांचे तसे नाही. ते साधारणपणे सात वर्षे टिकतात. पदविका घेऊन बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि पहिल्या प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. ही मुदत टळली की आमच्यासारखा कारकून काही करू शकत नाही.

मास मीडियाच्या मुलीचा उल्लेख वर आला. नाव घेत नाही. तिने २०२३ मध्ये एका स्वायत्त महाविद्यालयात प्रवेश घेतला. विनाअनुदानित अभ्यासक्रम, फी मोठी. वडील टेम्पो चालवतात. २०२५ मध्ये चौथे सत्र संपले आणि ती लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्टुडिओत एडिटिंगला लागली. हात चांगला आहे तिचा. डिप्लोमा पोस्टाने घरी येईल अशी घरच्यांची समजूत होती. सहा महिने वाट पाहून आई आमच्याकडे आली. आम्ही खाते उघडून पाहिले तर श्रेयांक ८६. दोन श्रेयांकांचा एक भाषेचा पेपर राहिलेला, आणि चार श्रेयांकांची इंटर्नशिप मुळात केलेलीच नाही. ती करावी लागते हे तिला कोणी सांगितले नव्हते. महाविद्यालयाच्या खिडकीवर विचारले तर फलकावर सूचना लावली होती असे उत्तर आले. म्हणजे दोन वर्षांची फी भरून, रात्री जागून मुलीच्या हाती फक्त चार गुणपत्रिका. नोकरीच्या अर्जावर तिला अजून बारावीच लिहावे लागते.

हे आम्हांला लागले, कारण आमचेही तसेच झाले होते. १९९९ साली आम्ही एस.वाय.बी.ए. पास झालो आणि वडिलांच्या आजारपणामुळे कॉलेज सोडून झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिलो. एका कार्यालयात जागा निघाल्या, अर्ज घेऊन गेलो. शिक्षणाच्या रकान्यात 'एस.वाय.बी.ए.' असे मोठ्या अक्षरात लिहिले होते. खिडकीतल्या माणसाने ते खोडले आणि शेजारी 'बारावी' लिहिले. त्याची चूक नव्हती, नियम तसाच होता. दुकानात परत आलो तेव्हा मालकाने विचारले, काय झाले? आम्ही सांगितले, अर्ज संपले होते. पुढे मराठीच्या एका बाईंनी हाताला धरून तृतीय वर्षाचा फॉर्म भरून घेतला, म्हणून आज बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आहोत.

काकांनी सांगितलेली अमेरिकेची बातमी मात्र अगदीच खोटी नाही. तिकडे असोसिएट डिग्री म्हणून दोन वर्षांची पदवी खरोखरच आहे आणि ती कम्युनिटी कॉलेजांत मिळते. अशा सरकारी कॉलेजांची सुरुवात इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ साली झाली. साधारण ६० श्रेयांक लागतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीचा निम्मा भाग. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये कायदा करून अशी सोय केली की ठरावीक असोसिएट पदवी घेतलेल्याला तेथील राज्य विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या शाखेत प्रवेश द्यावाच लागतो आणि आणखी ६० श्रेयांकांत त्याची पूर्ण पदवी होते. संवादशास्त्राची अशी पदवी घ्यायची तर साठातले निदान १८ श्रेयांक त्याच विषयाचे हवेत: चारचौघांत भाषण करणे, युक्तिवाद, लहान गटातील चर्चा, माणसामाणसातील बोलणे. बाकी गणित, विज्ञान, इतिहास वगैरे. गुणांची सरासरी चारपैकी दोनच्या खाली जाऊन चालत नाही. तिकडची दोन वर्षांची पदवी म्हणजे जिन्यातला कठडा लावलेला चौथरा आहे. वरचा दरवाजा कायद्याने उघडा ठेवला आहे. आपल्याकडच्या पदविकेला परत येण्याची वाट कागदावर दिली आहे, पण नोकरीच्या जाहिरातीत 'पदवीधर' हा शब्द तसाच आहे. बँकेत क्लार्कच्या जागेसाठी, जिला आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, कोणत्याही शाखेची का होईना पदवीच लागते. राज्यसेवेला पदवी, केंद्राच्या नागरी सेवेला पदवी. तिथे ९२ श्रेयांकांची पदविका दाखवून उपयोग नाही.

आणि बाहेर पडणार कोण? ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे त्याचा मुलगा दोन वर्षांनी पदविका घेऊन निघणार नाही. निघणार ती आपली मुले, त्यातही मुली. म्हणून ही सोय वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. १९९९ साली ती असती तर आमच्या हाती निदान एक कागद असता. पण सोय कशी वापरायची हे माहीत नसेल तर ती दार न राहता खड्डा होते.

आता काकांचा प्रश्न. 'मूकनायक' निघाले ३१ जानेवारी १९२० रोजी. त्याआधीच १९१५ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले होते. तेव्हा वर्तमानपत्राला शिक्षण लागत नाही असा अर्थ कोणी काढू नये. पण त्यांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट आजच्या विषयाला जास्त लागू आहे. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि त्यांना लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले. सोडताना त्यांनी काय केले? चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची लेखी परवानगी विद्यापीठाकडून घेतली. मग मुंबईला आले, १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये, मुदत संपण्याच्या आत, लंडनला परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. 'मूकनायक' निघाले ते या मधल्या काळात. पुढे १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. शिक्षण अर्धे सोडणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना खरोखरच थांबावे लागणार आहे त्यांनी चौथ्या सत्राच्या सुरुवातीलाच महाविद्यालयाला लेखी कळवा. चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम कोणता, कुठे, कधी, हे विचारून त्याची पोच घ्या. पोच शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. तोंडी सांगितलेले बँकेतही चालत नाही. अनुदानित कला शाखेत आणि विनाअनुदानित मास मीडियात फीचा फार फरक आहे, तो प्रवेशाच्या वेळीच पाहा. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, तो पहिल्या वर्षी भरून विसरू नका. आणखी एक अडचण आपल्या घरांत फार दिसते. आजोबांचे आडनाव एक, वडिलांनी बदललेले दुसरे. आधारवर एक, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. अशा मुलांचे श्रेयांक खात्यात जमाच होत नाहीत आणि ते पदविका मागायच्या दिवशी कळते. आम्ही अशी प्रकरणे पाहिली आहेत. त्या मुलीचे नाव सुदैवाने जुळले. राहिलेल्या पेपरचा फॉर्म तिने भरला आहे, आणि आता पदविकेच्या मागे न लागता पाचव्या सत्राला परत बसायचे तिने ठरवले आहे. स्टुडिओच्या मालकाने सकाळची पाळी सोडायला होकार दिला. फीचा पहिला हप्ता संस्थेच्या शिक्षण निधीतून द्यावा अशी विनंती आम्ही कार्यकारिणीला केली आहे, ती मंजूर व्हावी.

पुढील चार रविवार सकाळी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहोत. येताना आधार कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आजवरच्या सत्रांचे निकाल आणि आधारला जोडलेला मोबाईल आणावा. वडिलांचा मोबाईल जोडलेला असेल तर वडिलांनाच घेऊन यावे, कारण ओटीपी त्यांच्याकडे येतो. ज्यांनी शिक्षण मध्येच सोडले आहे त्यांना आधी बसवू. जयभीम.