अळंबी ताटात, गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने



आर्द्रा नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की रानात अळंबी वर येते. कोकणात आपण अळंबी म्हणतो, गोव्यात अळमी, विदर्भातल्या बहिणी वारुळाजवळ उगवणाऱ्यांना सात्या म्हणतात. ही आपली पावसाळ्यातली चैन. पण आज आम्ही बोलणार आहोत ते अळंबीच्या औषधी गुणांबद्दल, कारण गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "लाल अळंबीची पावडर घेतली की साखर उतरते म्हणतात, खरं का?"

पावडर, कॅप्सूल, कॉफी अशा रूपांत ही अळंबी घरोघर विकली जाते. विकणारी बहुधा आपल्याच ओळखीची असते, आणि तिलाही कोणीतरी तसंच पटवलेलं असतं. डब्याची किंमत मात्र आपल्या महिन्याच्या बचतीच्या कितीतरी पट. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी डबा घेतला आणि साखरेची रोजची गोळी बंद केली. दोन महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात गेल्या, तेव्हा साखर फार वाढलेली निघाली. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

आधी आपल्या घरातलं ज्ञान पाहू. फणसाच्या जुन्या झाडाच्या खोडावर लाकडासारखी टणक अळंबी येते. तिला फणसोंबा म्हणतात. लहान मुलाच्या तोंडातून फार लाळ गळत असेल, तोंड आलं असेल, तर जुन्या बायका फणसोंबा सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावत. जुलाब, आव यांवरही तो थोडा देत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या वनौषधींवर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात फणसावरच्या अळंबीचा हा वापर नोंदलेला आहे. पुढे पुण्यातले बुरशीशास्त्रज्ञ डॉ. जे. जी. वैद्य यांनी देशातल्या पारंपरिक औषधी अळंब्यांचा अभ्यास केला. फणसोंबा म्हणून वापरल्या जाणाऱ्या बुरशी फेलिनस कुळातल्या असल्याचं त्यांच्या लेखनात येतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या आज्या फणसोंबा कशासाठी वापरत? लाळ, तोंड येणं, जुलाब अशा ठरावीक तक्रारींसाठी. मात्रा थोडी, दिवस थोडे. एकाच औषधाने साखर, रक्तदाब, गुडघे आणि कॅन्सर सगळं बरं होईल, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आज मात्र बाळाला जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस पाजा आणि आशाताईंना कळवा. उगाळलेल्या औषधावर वेळ घालवू नका.

आता त्या लाल अळंबीकडे येऊ. तिचं शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. वरून रोगण लावल्यासारखी चमकते, लाकडासारखी कडक असते, भाजी करून खाता येत नाही. जुन्या झाडांच्या बुंध्यांवर ती आपल्याकडेही दिसते. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात, जपानमध्ये रेशी, आणि तिथल्या जुन्या वैद्यकात तिला फार मान आहे. मध्य प्रदेशातले बैगा आदिवासी दम्यासाठी ती वापरतात, अशी अभ्यासकांची नोंद आहे.

शास्त्रज्ञ या अळंब्यांकडे दुर्लक्ष करतात, असंही नाही. बुरशीतून मोठी औषधं मिळालेली आहेत. १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडलं ते एका बुरशीतच. अळंबीत बीटा-ग्लुकान नावाचे घटक असतात. त्यांचा शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. जपानमध्ये १९७७ साली एका रंगीत पट्ट्यांच्या अळंबीच्या अर्काला कॅन्सरच्या उपचारात वापरायला सरकारी मान्यता मिळाली. त्या औषधाचं नाव क्रेस्टिन. पण ते कसं दिलं जाई? कारखान्यात शुद्ध केलेला अर्क, मोजलेली मात्रा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि केमोथेरपीच्या जोडीला. केमोथेरपी बंद करून नव्हे.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत किंवा उंदरांवर गुण दिसला म्हणजे माणसाला तो येईलच असं नसतं. बियाणं ओल्या गोणपाटात उगवलं म्हणून शेतात पीक हाती येईलच असं आपण म्हणतो का? तसंच हे. म्हणून माणसांवरच्या चाचण्या पाहाव्या लागतात. कोक्रेन ही संस्था जगभरातल्या अशा चाचण्या एकत्र करून तपासते. २०१५ साली तिने गॅनोडर्माच्या पाच चाचण्या तपासल्या. त्यांत मिळून ३९८ माणसं होती. निष्कर्ष असा की मधुमेह असलेल्यांची साखर किंवा हृदयरोगाचा धोका कमी करण्यासाठी ही अळंबी वापरावी, असं म्हणायला आधार मिळत नाही. कॅन्सरबाबतच्या २०१६ च्या तपासणीतही हेच आलं: मुख्य उपचार म्हणून ती देण्याइतका पुरावा नाही. नेहमीच्या उपचारासोबत काही उपयोग होईल का, यावर अजून चांगल्या अभ्यासांची गरज आहे.

तेव्हा कोणी डबा घेऊन आलं तर तीन प्रश्न विचारा. ही नेमकी कोणती अळंबी आणि दर मात्रेत किती? माणसांवर चाचणी झाली आहे का, आणि कोणत्या आजारावर? माझ्या चालू गोळ्यांबरोबर घेतली तर चालेल, असं कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अशा पावडरीने रक्तस्राव वाढण्याची भीती असते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबरही आपल्या मनाने काही घेऊ नये. आणि काहीही झालं तरी चालू गोळी स्वतः बंद करायची नाही.

आमच्या गटापुढेही हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. आम्ही भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवतो आणि वाळवून विकतो. एक व्यापारी म्हणाला, "पाकिटावर मधुमेह, बीपी, कॅन्सरवर गुणकारी असं छापा, दुप्पट भाव देतो." दुप्पट भाव कोणाला नको असतो? बैठकीत बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही नाही म्हटलं. अन्नपदार्थाच्या पाकिटावर रोग बरा होतो असं छापायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. मधुमेह आणि कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा कायदाही बंदी घालतो. पण आमच्या एका वहिनी म्हणाल्या ते जास्त पटलं: "आपलं पाकीट वाचून कोणी गोळी सोडली, तर तो पैसा आपल्याला पचेल का?"

खरं सांगण्यासारखंही धिंगरीत पुष्कळ आहे. तिच्यात प्रथिने आहेत, तंतू आहेत, चरबी अगदी थोडी. शिवाय एक खास गुण. अळंबीतल्या एका घटकावर ऊन पडलं की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. ताजी धिंगरी चिरून, पडद्यांची बाजू वर करून उघड्या उन्हात वाळवा. काचेआड ठेवली तर हा गुण येत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

पिकवणाऱ्या बहिणींनी एक काळजी घ्यावी. धिंगरीच्या कडा वर वळायच्या आत तोडणी करा. उशीर झाला तर तिची बारीक भुकटी खोलीभर उडते आणि त्याने खोकला, दमा जडू शकतो. आत जाताना नाकातोंडाला मास्क लावा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

आणि शेवटचं, रानातल्या अळंबीबद्दल. चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, लसूण रंग बदलतो का, यांपैकी एकही परीक्षा खरी नाही. काही जहरी अळंब्या शिजवूनही जहरीच राहतात. त्यांचा त्रास सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. उलट्या-जुलाब होतात, मग बरं वाटतं, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत असतं. म्हणून बरं वाटलं तरी थांबू नका. १०८ ला फोन करा, उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या, आणि ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना दवाखान्यात न्या. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची नसेल ती अळंबी तोडूच नका.

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न सगळ्यांना वाचून दाखवा. गटातल्या कोणी गोळी सोडून पावडर घेत असेल तर तिला रागावू नका, सोबत जाऊन तिची साखर तपासून आणा.