भाड्याची पावती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या माणदेशातील मुले-मुली पोटासाठी, शिक्षणासाठी पुण्यामुंबईस जातात व भाड्याच्या खोलीत राहतात. काही भगिनी घरातील खोली भाड्याने देऊन संसारास हातभार लावतात. दोघींनाही माझे सांगणे एकच : तोंडी व्यवहार करू नका.

पुण्यामुंबईस लागू असलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे. भाड्याची पावती देणेही मालकास बंधनकारक आहे.

प्राप्तिकरातही कागदच कामी येतो. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या नोकरदारास घरभाडे भत्त्यावर सूट मिळते. ती मागताना पावती लागते. मालकास घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यात शेकडा ३० ची वजावट मिळते, मग दुरुस्ती केलेली असो वा नसो.

आपल्यापैकी पुष्कळजणींना कर लागतही नसेल. तरी पावती हवीच. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलीला अनामत परत मागावी लागली, तर तिच्या बाजूने बोलणार कोण? तो कागदच. म्हणून लेकीला डब्याबरोबर एवढी शिकवणही द्या.