प्रतिकृतीची पारख
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



छंद या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाल्यावरून मी आपणापुढे उभा आहे. मला एकच छंद आहे व तो कित्येकांस पोरकट वाटतो. जुन्या काळच्या वाफेच्या आगगाडी-इंजिनांच्या, परंतु विजेवर धावणाऱ्या लहान प्रतिकृती मी गेली तीस वर्षे जमवीत आलो आहे. जमविणे हा या छंदाचा सोपा भाग होय. आलेल्या प्रतिकृतीची पारख करून तिचे गुणदोष इतर संग्राहकांना लिहून कळविणे, हा कठीण भाग. त्याविषयीच मी बोलणार आहे; कारण आपला व्यवसायही दररोज कोणाच्या तरी कृतीची पारख करण्याचा आहे.

या छंदाचे माहेरघर इंग्लंड. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० साली चावीच्या आगगाड्या काढल्या, आणि १९३८ साली त्याच कारखान्यातून ‘डब्लो’ नावाच्या अधिक लहान गाड्या बाहेर पडल्या. तेव्हापासून तेथे रुळलेले प्रमाण म्हणजे मूळच्या एक फुटास प्रतिकृतीचे चार मिलिमीटर. अर्थात मूळ वस्तूचा सुमारे शहात्तरावा भाग. पारख येथून सुरू होते. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या प्रसिद्ध इंजिनाच्या मोठ्या चाकांचा व्यास ६ फूट ८ इंच. तेव्हा प्रतिकृतीत तो सुमारे २६.७ मिलिमीटर भरावयास हवा. पट्टी लावली, की उत्तर मिळते.

परंतु सगळीच मापे अशी सरळ जुळत नाहीत. तेथील रुळांमधील खरे अंतर ४ फूट साडेआठ इंच. त्या हिशेबाने प्रतिकृतीत ते १८.८३ मिलिमीटर यावे. प्रत्यक्षात मात्र १६.५ मिलिमीटरच असते. त्या काळच्या विजेच्या मोटारी लहानखुऱ्या ब्रिटिश इंजिनांच्या पोटात मावत नव्हत्या, म्हणून इंजिनाचे अंग थोडे मोठे केले गेले आणि रूळ होते तेवढेच राहिले. हा दोष तेथील परंपरेने पत्करलेला आहे. परीक्षकाने तो अवश्य सांगावा. मात्र त्याचे खापर एखाद्याच कारखान्याच्या माथी फोडू नये.

मापानंतर काळ पाहावा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९२३ साली डॉनकॅस्टर येथे बांधले गेले, आणि पुढील वर्षी त्याला ४४७२ हा क्रमांक मिळाला. १९२८ साली ते लंडनहून एडिंबरोस वाटेत कोठेही न थांबता गेले. १९३४ साली त्याने ताशी १०० मैलांचा वेग गाठला. राष्ट्रीयीकरणानंतर त्याचा क्रमांक ६०१०३ झाला. १९५९ साली त्यास दुहेरी धुराडे बसले आणि १९६१ साली धूर वर लोटणारे पत्रे लागले. आता १९३४ सालचे म्हणून विकलेल्या प्रतिकृतीस हे पत्रे असतील, तर ती चूक होय. तथापि हिरवा रंग, ४४७२ क्रमांक आणि हे पत्रे एकत्र दिसताच चूक झाली असे ठरविणेही उतावीळपणाचे ठरेल. कारण जतन केल्यानंतरच्या काळात मूळ इंजिन तशा वेषातही धावलेले आहे. प्रतिकृती कोणत्या वर्षाची आहे, हे आधी विचारावे आणि मग बोट ठेवावे.

काही दोष तर कोणत्याही पट्टीला सापडत नाहीत. जुन्या प्रतिकृतींचे कित्येक भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. ओतताना त्यात शिशाचा अंश मिसळला गेला असेल, तर वर्षानुवर्षांनी धातू फुगतो, त्यास तडे जातात आणि अखेर त्याचा चुरा होतो. त्यावर उपाय नाही. म्हणून नव्या वस्तूविषयी ‘ही जन्मभर टिकेल’ असे मी कधीच लिहीत नाही.

आता माझ्या हातून घडलेला प्रमाद सांगतो. काही वर्षांपूर्वी एक इंजिन माझ्याकडे परीक्षणासाठी आले. रंग असा नितळ आणि चाकांना जोडणारे दांडे असे नाजूक, की मी पाहताक्षणीच भुललो. मेजावर दीड हात सरळ रूळ मांडून ते धावविले आणि आमच्या मंडळींच्या पत्रकात मुक्तकंठाने स्तुती लिहिली. ती वाचून एका वृद्ध स्नेह्यांनी कित्येक महिने पैसे साठवून ते मागविले. त्यांच्या घरी जागा बेताची. फळीवर ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे वळण. अशा मोठ्या इंजिनाची तीन मोठी चाकजोड्या एकाच ताठ चौकटीत बसविलेली असतात. त्यांस बहुधा ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे तरी वळण लागते. इंजिन प्रत्येक फेरीत रुळावरून उतरू लागले. मी भेटावयास गेलो, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुम्ही लिहिलंत, म्हणून घेतलं हो.” ते वाक्य मला आजही टोचते. इंजिनात वस्तुतः दोष नव्हता. वळणावर न चालविता मी मत दिले, हा दोष माझा होता. पुढील अंकात मी तसे स्पष्ट लिहिले. परंतु स्नेह्यांचे पैसे त्याने परत आले नाहीत.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी मोजावे, मग वळणावर चालवावे, तद्नंतर ज्याच्या घरी ती वस्तू जाणार त्याची जागा व ऐपत ध्यानी घ्यावी, आणि मत सर्वांत शेवटी लिहावे.

आपल्या वर्गातही हे करून पाहता येईल. भारतीय रुंदमापी रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर; शहात्तराने भागल्यास सुमारे २२ मिलिमीटर येतात. मुलांना जवळच्या बैलगाडीचे माप घेऊ द्या व दहाव्या हिश्शाने पुठ्ठ्याची गाडी करू द्या. ती आपल्या मेजावर आली, की ‘छान’ किंवा ‘वाईट’ म्हणण्यापूर्वी पट्टी हाती घ्या, आणि जे चाक लहान झाले असेल ते त्या मुलाकडूनच मोजवून घ्या. आपल्या शब्दावर विसंबणारे ते मूल आहे, एवढे स्मरण असावे.