एका अक्षराचा फेर

डांस चावला, रोग आला, असें घरोघर सहज बोललें जातें. परंतु विषाणूच्या बाजूनें पाहिलें तर डांसाच्या शरीरांतून पार होणें ही कांहीं सोपी यात्रा नव्हे. मादीनें रोग्याचें रक्त शोषिलें कीं विषाणू तिच्या आतड्यांत उतरतो. तेथील अस्तराच्या पेशींत शिरावयाचें, वाढावयाचें, अस्तर ओलांडून अंगांतील द्रवांत यावयाचें व शेवटीं लाळेच्या ग्रंथी गांठावयाच्या. एवढें साधलें तरच पुढच्या दंशाबरोबर तो दुसऱ्याच्या अंगांत जाणार. पुष्कळदां त्याची वाट आतड्यांतच खुंटते, आणि कोणत्या जातीच्या डांसांत ती खुंटावी हें त्याच्या जनुकांवर बरेंचसें अवलंबून असतें.

चिकुनगुनियाचें उदाहरण घ्यावें. बार्शीकरांनीं हा सांधे जखडणारा ताप १९७३ सालींच भोगला होता. त्याचा नेहमींचा वाहक म्हणजे घरांतील रांजण-टाक्यांत वाढणारा एडिस इजिप्ताय. पण मादागास्करच्या पूर्वेकडील रियुनियन बेटावर २००५-०६ सालीं साथ भडकली, तेव्हां हा डांस तेथें विरळाच होता. सर्वत्र होता तो त्याचा भाऊबंद, पाठीवर पांढरा पट्टा असलेला एडिस आल्बोपिक्टस. तरीहि सुमारें पावणेआठ लाख वस्तीपैकीं २,६६,००० च्या आसपास माणसें आजारी पडलीं.

आरंभींच्या व नंतरच्या रोग्यांतील विषाणू ताडून पाहतां एक फरक डोळ्यांत भरला. सुमारें ११,८०० अक्षरांच्या जनुकलेखांत एक अक्षर बदललें होतें. त्यामुळें आवरणांतील ई-१ नामक प्रथिनाच्या माळेंत २२६ व्या जागीं ॲलानिनऐवजीं व्हॅलिन हें अमिनो आम्ल बसलें होतें. हेंच प्रथिन विषाणूचें आवरण पेशीच्या पडद्याशीं एकजीव करतें. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनीं एवढ्या एकाच बाबतींत भिन्न असे विषाणू तयार करून ते डांसांना रक्तांतून पाजले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, आल्बोपिक्टसच्या आतड्यास बाधा करण्यास नव्या विषाणूचा सुमारें शंभरावा हिस्सा पुरे होतो, व तो लाळग्रंथींपर्यंतहि लवकर पोंचतो. इजिप्तायमध्यें मात्र त्यास असा लाभ होत नाहीं.

२००६ सालीं महाराष्ट्र-कर्नाटकांत पसरलेल्या विषाणूंत जुनेंच अक्षर होतें. पुढच्याच वर्षीं केरळांत, जेथें रबराच्या मळ्यांतील चिकाच्या वाट्यांत आल्बोपिक्टस बेसुमार वाढतो, तेथें नवें अक्षर आढळलें. आणि तें रियुनियनहून आलेलें नसून भारतांतील वंशांतच स्वतंत्रपणें उद्भवलें होतें. ह्यांत विषाणूचें कांहीं चातुर्य मानण्याचें कारण नाहीं. नक्कल होतांना चुका होतच असतात. ज्या चुकीनें वाट मोकळी होते ती टिकते, इतकेंच.

मग आग्नेय आशिया हें तर आल्बोपिक्टसचें माहेरच. तेथें हा विषाणू अनेक दशकें फिरत असतां असा बदल कां रुजला नाहीं? ह्याचें उत्तर २०११ सालीं मिळालें. तेथील जुन्या वंशाच्या ई-१ प्रथिनांत ९८ व्या जागीं थ्रिओनिन बसलेलें आहे, आणि तें असेपर्यंत २२६ व्या जागचा बदल आल्बोपिक्टसमध्यें निष्फळ ठरतो. आफ्रिकेहून निघून २००५ पासून भारतांत पसरलेल्या वंशांत ही आडकाठी नव्हती.