नामदेवांची नरसी

मराठवाड्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें एक लहानसें गांव आहे. तें ज्या हिंगोली जिल्ह्यांत मोडतें तो जिल्हा परभणींतून वेगळा झाला १९९९ सालीं. गांवाची कीर्ति मात्र सातशें वर्षांची. श्रीनामदेवांचा जन्म १२७० सालीं येथें झाला, असें परंपरा सांगते. कांहीं विद्वान् हा मान पंढरपुरास देतात, तर कोणी कऱ्हाडकडील नरसीस. या वादाची झळ गांवकऱ्यांच्या श्रद्धेस लागलेली नाहीं.

श्रोतेहो, येथील मंदिराइतकाच पाहण्यासारखा आहे तेथें येणारा यात्रेकरू. वारकऱ्याशेजारीं पंजाबचा शीख मस्तक नमवितो! नामदेवांचीं ६१ पदें गुरुग्रंथसाहेबांत आहेत. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें दीर्घ वास्तव्य झालें. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानास भरलें.

नरसीस आलेल्यानें औंढा नागनाथ चुकवूं नये. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं हें एक, अशी महाराष्ट्राची श्रद्धा. हाच मान गुजरातही द्वारकेजवळील नागेश्वरास देतो. भिंतींवरील शिल्पें यादवकालीन, शिखराचें काम मागाहूनचें. भूमीखालच्या गाभाऱ्यांत अंग चोरून, वांकूनच उतरावें लागतें. विसोबा खेचरांनीं नामदेवांस गुरूपदेश केला तो येथेंच. नंदी मात्र देवळाच्या पाठीमागें आहे. पुजाऱ्यांनीं कीर्तन थांबवून नामदेवांस मागें धाडलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें आणि नंदी तेवढा जागींच राहिला, असें भाविक सांगतात.