आभासी प्रसंगातील ‘तू’ आणि ‘तुम्ही’

आभासी वास्तवातील प्रशिक्षण हे संगणकवाल्यांचे काम, असे आपण समजतो. परिचारिकांच्या सरावासाठी असा प्रसंग मराठीत लिहिताना मला मात्र व्याकरणच अधिक लागले.

डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर खाटेवर आजी. गोळी घेत नाहीत. प्रशिक्षणार्थीपुढे तीन वाक्ये येतात. जे निवडावे त्यावर पुढचे दृश्य ठरते. दर टप्प्याला तीन फाटे, म्हणजे पाच टप्प्यांत २४३ शेवट! इतके कोण लिहिणार? म्हणून फाटे मध्येच एकत्र आणतात.

अडचण तिथेच आहे. घरच्या आजीला आपण ‘तू’ म्हणतो; परक्या आजींना ते खुपते. एका फाट्यात ‘तू’, दुसऱ्यात ‘तुम्ही’, आणि फाटे जुळल्यावर आजी दोघांशीही सारख्याच गोड? पटत नाही. म्हणून संबोधनाची नोंद ठेवायची आणि पुढे ती तपासून आजींचे उत्तर बदलायचे. ट्वाईन या मोफत साधनात हे सहज जमते.

आमच्या इंदुरातल्या मुलांच्या कानात हिंदीचे ‘तुम’ असते. त्यामुळे त्यांना ‘तुम्ही’ अपुरे वाटते. ती ‘आपण’ म्हणतात आणि दवाखान्याची सभा होते.

लिंगाचेही तसेच. ‘मी बघते’ पुरुषाच्या तोंडी कसे द्यावे? ‘मला बघू द्या’ लिहिले की भागते.

इंग्रजी संहितेत ‘यू’ एकच. तिच्या भाषांतरात संबोधन भाषांतरकारच ठरवून टाकतो. शिकणाऱ्यापुढे ती निवड येतच नाही. म्हणून यंदा संवादलेखनाच्या तासाला मी हाच प्रसंग दिला आहे: तीन टप्पे, मूळ मराठीतून.